रेडिएटरमधलं पाणी हळूहळू कमी होतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी रोज चालते, तापमानाचा काटाही वर जात नाही, फक्त दोन-चार दिवसांनी बाटलीभर पाणी टाकावं लागतं. पिकअप, छोटा हत्ती, प्रवासी जीप किंवा ट्रॅक्टर चालवणारे आपल्याकडचे कितीतरी लोक वर्षानुवर्षं असेच चालवतात आणि मे महिन्यात भर रस्त्यात अडकतात. चांगलं गॅरेज जवळ नसलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. वऱ्हाडापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतचं ऊन, धूळ आणि जमिनीतलं पाणी यांचा विचार त्यात केला आहे. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: पाणी टाकत राहण्याआधी ते जातं कुठे, हे शोधा.

पाणी कमी होऊन राहिलं, पण खाली एक थेंबही दिसत नाही. मग जाते कुठे?

बहुतेक वेळा ते बाहेरच जातं, फक्त जमिनीपर्यंत पोहोचत नाही. इंजिन तापलं की रेडिएटरच्या आत दाब तयार होतो. बऱ्याच गाड्यांत तो बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ ते १.१ बारने जास्त असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून त्या दाबाने पाणी फवाऱ्यासारखं निघतं, तापलेल्या जाळीवर पडतं आणि तिथेच वाफ होऊन जातं. गाडी उभी केली, इंजिन थंड झालं, की दाब संपतो आणि गळती थांबते. सकाळी खाली वाकून पाहिलं तर जमीन कोरडीच.

मागे राहतो तो डाग. साधं पाणी असेल तर पांढरट खरपूड, कूलंट (रेडिएटरमध्ये टाकायचं, गंज अडवणारं रंगीत द्रव) असेल तर हिरवट, गुलाबी किंवा निळसर वाळलेली रेघ. ही रेघ जिथून सुरू होते तिथे गळती असते. जिथे संपते तिथे नसते, आणि फसगत इथेच होते. पाणी होजवरून, पट्टीवरून ओघळत खाली येतं आणि माणूस खालची जागा दुरुस्त करून मोकळा होतो.

याच्या उलटही घडतं. काही गळत्या इंजिन थंड असतानाच दिसतात. रबरी होज आणि त्यावरची क्लिप थंडीत आकसतात, सांधा किंचित सैल होतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खाली चार थेंब दिसतात. इंजिन तापलं की सगळं पुन्हा घट्ट. म्हणून एकदा थंड आणि एकदा गरम, अशा दोन्ही वेळी पाहा.

मी रोज काठोकाठ भरतो आणि रोज तेवढंच कमी होते. ही गळतीच ना?

कदाचित गळती नसेलही. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांवरून ९५ अंशांवर गेलं की त्याचं आकारमान साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतं. गाडीत एकूण १० लिटर पाणी असेल तर तीनशे-साडेतीनशे मिलीलिटर पाण्याला वर जागा लागते. जागा नसेल तर झाकणातला व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं. रिझर्व्ह डबा असलेल्या गाडीत ते डब्यात जातं आणि थंड झाल्यावर परत ओढलं जातं. पण डबा फुटलेला असेल, नळी निघालेली असेल किंवा जुन्या गाडीला डबाच नसेल, तर ते जमिनीवर जातं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा काठोकाठ भरता.

तपासणी सोपी आहे. डब्यावर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. थंड इंजिनावर पाणी त्या दोन्हींच्या मधे ठेवा आणि त्या रेषेवर मार्करने खूण करा. डबा नसलेल्या गाडीत रेडिएटरच्या तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर खाली थांबा. मग आठवडाभर काही न टाकता, रोज सकाळी एकाच वेळी पाहा. एकदा खाली जाऊन पाणी तिथेच स्थिरावलं तर गळती नाही. रोज थोडं थोडं उतरत गेलं तर आहे.

गळती शोधायची कशी? घरी शोधता येते का?

बऱ्याचदा येते. हातातली बॅटरी (टॉर्च) घ्या, जुनं कापड घ्या, इंजिन पूर्ण थंड असू द्या. आधी सगळं पुसून कोरडं करा, कारण चिखल आणि ऑइल माखलेल्या इंजिनावर काहीच कळत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र पसरा आणि पुढच्या चाकांची जागा खुणेने लक्षात ठेवा. सकाळी डाग कुठे पडला यावरून अर्धं काम होतं: पुढे जाळीखाली, मधे पंपाखाली, की मागे इंजिनाच्या टोकाशी.

मग वरून सुरुवात करा. झाकणाचं रबर, वरचा होज, त्याची दोन्ही टोकं. नंतर रेडिएटरच्या दोन्ही टाक्या आणि जाळी जिथे जुळतात ती शिवण. आजकालच्या बहुतेक गाड्यांत टाकी प्लॅस्टिकची आणि जाळी ॲल्युमिनियमची असते. मधे रबराचं पॅकिंग असतं आणि ॲल्युमिनियमची कडा दुमडून ते दाबलेलं असतं. काही वर्षं उन्हातान्हात गेली की पॅकिंग कडक होतं आणि शिवणीतून ओल येऊ लागते. ही फार नेहमीची जागा आहे. खाली ड्रेन प्लग, खालचा होज.

त्यानंतर वॉटर पंप. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून ओघळतं, म्हणजे पंप बदलायची वेळ आली. काही लोक ते भोकच एम-सीलने बुजवतात. तसं केलं की पाणी बेअरिंगकडे जातं, बेअरिंग जातं, आणि पंख्यासकट पंप डुलायला लागून तो पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसू शकतो.

शेवटी इंजिनच्या ब्लॉकवरच्या गोल पत्र्याच्या डमी (बुचं) पाहा. नुसतं साधं पाणी वापरलेल्या जुन्या इंजिनात त्या आतून गंजून पाझरतात. केबिनमध्ये हीटर असेल तर पायाशी सतरंजी ओली आहे का, काचेवर आतून चिकट धुकं बसतं का, गोडसर वास येतो का, हेही पाहा.

इतकं करूनही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून घ्या. झाकणाच्या जागी बसणारा तो छोटा हातपंप असतो. थंड इंजिनावर दाब देतात आणि काटा खाली येतो का ते पाहतात. दहा-पंधरा मिनिटांत गळती स्वतःहून दिसते.

टेस्टर नाही. पंक्चरच्या दुकानात हवा भरून पाहिलं तर?

कृपा करून असं करू नका. रेडिएटरला १३ ते १६ पीएसआय (म्हणजे ०.९ ते १.१ बार) दाब पुरतो. टायरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत १०० पीएसआयच्या वर हवा असू शकते. नुसती नळी लावून हवा सोडली तर प्लॅस्टिकची टाकी तोंडासमोर फुटते. रेडिएटर काढून पाण्याच्या हौदात बुडवून बुडबुडे पाहायची पद्धत चांगली आहे, पण तिथेही मधे रेग्युलेटर हवा आणि दाब झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर नको.

नुसतं झाकण बदलून गळती थांबते का?

कधीकधी थांबते, आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच आहे. झाकणात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंग मऊ पडली किंवा रबर चिरलं की पाणी ठरलेल्या दाबाआधीच बाहेर जातं. आणखी एक नुकसान होतं, ते कोणी लक्षात घेत नाही. पाणी १०० अंशांना उकळतं ते मोकळ्या हवेत. ०.९ बारचा दाब असेल तर ते जवळजवळ ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण निकामी म्हणजे हे सगळं संरक्षण गेलं. चिखलदऱ्याचा घाट चढताना हा फरक जास्त जाणवतो, कारण तिथे ११०० मीटरच्या आसपास उंचीवर मोकळं पाणी ९६ अंशांनाच उकळतं, आणि इंजिनावर चढाचा ताण असतो तो वेगळा.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, काहींवर ८८ किंवा १०८ (किलोपास्कलमध्ये). तोच आकडा पाहून नवीन घ्या. जास्त दाबाचं बसवलं तर जुनी टाकी आणि होज फुटतात, कमी दाबाचं बसवलं तर पाणी लवकर उकळतं. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा होऊन बसलेला दिसला, तर झाकणातला परत ओढणारा लहान व्हॉल्व्ह अडकला आहे असं समजा.

होजला चीर आहे. टेप गुंडाळून चालेल का?

गावापर्यंत यायला चालेल, पुढे नाही. होज बदला आणि क्लिपही नवीन घ्या. उंदराने कुरतडलेला होज तर लगेच बदला. गाडी कापसाच्या किंवा सोयाबीनच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर हिवाळ्यात बॉनेट अधूनमधून उघडून पाहत जा. बोनेटखालच्या उबेला उंदीर येतात.

खाली पाणी दिसते, पण ते एसीचं असेल ना?

एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि बहुधा डावीकडच्या सीटच्या पुढे पडतं. बोटाने चोळून पाहा. बुळबुळीत लागलं, रंग दिसला किंवा गोडसर वास आला तर ते कूलंट आहे. चाखून मात्र पाहू नका, कूलंट विषारी असतं. तुम्ही नुसतं साधं पाणी वापरत असाल तर या खुणा मिळणार नाहीत. कूलंट वापरायचं हेही एक कारण आहे.

हळद टाकली की गळती बंद होते म्हणतात. खरं काय?

बंद होते, हे खरं आहे. कितीतरी ड्रायव्हरांनी हळद टाकून गाडी घरी आणली आहे. हळदीचे कण पाण्यात फुगतात, छिद्राकडे ओढले जातात आणि तिथे अडकून बसतात. अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने गोठून तेच काम करतो.

पण हळदीला छिद्र कोणतं आणि रेडिएटरची नळी कोणती हे कळत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्या आतून फार अरुंद असतात. उरलेला गाळ तिथे, हीटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटवर (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) जाऊन बसतो. हिवाळ्यात फरक कळत नाही. एप्रिलमध्ये तोच रेडिएटर कमी पडायला लागतो आणि दोष उन्हाला दिला जातो.

दुकानात मिळणारी लीक बंद करायची पावडर किंवा द्रव हे त्याच जातीतलं, पण जास्त बारीक काम. अगदी बारीक छिद्राला त्याने महिना-दोन महिने उसंत मिळते. टाकी, शिवण, होज किंवा पंपाचं सील यांवर त्याचा भरवसा नाही. माझं मत विचाराल तर ते सामान गाडीत ठेवा, अडचणीत एकदा वापरा, आणि घरी आल्यावर रेडिएटर धुऊन खरी दुरुस्ती करा. डबल डोस देऊ नका.

एम-सीलने रेडिएटर बुजवता येते का?

धातूच्या टाकीवरची बाहेरची छोटी गळती तात्पुरती बुजते. जागा पूर्ण कोरडी हवी, रंग आणि तेल पॉलिश पेपरने घासून काढलेलं हवं आणि पाण्याची पातळी छिद्राच्या खाली आणलेली हवी. पूर्ण वाळल्याशिवाय इंजिन चालू करू नका. प्लॅस्टिकच्या टाकीला ते नीट धरत नाही. टाकी तापून फुगते, थंड होऊन आकसते आणि लेप कडेने सुटतो. जाळीच्या मधोमध असलेल्या नळीपर्यंत तर बोटच पोहोचत नाही. तिथे लेप थापला की चारही बाजूंची हवा बंद होते आणि हाती काहीच लागत नाही.

दुरुस्त करू की नवीन घेऊ?

रेडिएटर कशाचा आहे त्यावर हे ठरतं.

जुना ट्रॅक्टर किंवा जुनी जीप असेल तर रेडिएटर तांब्या-पितळेचा असू शकतो. तो मनापासून जपावा असा माल आहे. त्याला डाक (सोल्डर) लावता येतो, टाकी उघडून नळ्या सळईने साफ करता येतात, एखाद-दोन नळ्या फारच गेल्या असतील तर दोन्ही टोकांनी बंद करता येतात आणि थंड करण्याच्या ताकदीत फार फरक पडत नाही. अकोला, अमरावती, नागपूर, यवतमाळ अशा शहरांत हे काम करणारे जुने कारागीर असतात. तालुक्याच्या गावातही विचारून पाहा. नवीन ॲल्युमिनियमचा बसवू म्हणून कोणी तुमचा पितळी रेडिएटर भंगारात मागत असेल तर आधी दुरुस्तीचा अंदाज घ्या.

ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर तीन शक्यता आहेत. शिवणीतून गळत असेल तर कडा उघडून नवीन पॅकिंग घालून पुन्हा दाबता येते, आणि जाळी चांगली असेल तर हे करून घेण्यासारखं आहे. प्लॅस्टिकची टाकी चिरली असेल तर फक्त टाकी बदलून मिळते का ते विचारा. जाळीलाच छिद्र असेल आणि बोटाने चोळल्यावर जाळीच्या पात्या भुगा होऊन गळत असतील तर त्यावर पैसे घालू नका. एक छिद्र बुजवाल, पुढच्या महिन्यात शेजारचं उघडेल.

दुरुस्तीला देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड लावायचं नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. पितळी रेडिएटर धुवायची जुनी सवय तशीच पुढे चालवली की नळ्या पातळ होऊन परत येतात.

आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. तेच टाकतो. त्यात काय बिघडते?

माझ्या मते आपल्या भागातल्या अर्ध्याअधिक बारीक गळत्यांचं मूळ इथे आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथे कितीतरी विहिरींचं पाणी माणसाला पिववत नाही. बाकी विदर्भातही बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरणारं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. आता हिशोब करा. लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी तुम्ही रोज अर्धा लिटर टाकता. शंभर दिवसांत ५० लिटर पाणी गेलं, त्याबरोबर ५० ग्रॅम क्षार आत आले. गळती वाफेने होत असेल तर पाणी उडून जातं आणि क्षार आतच राहतात.

ते दोन प्रकारे त्रास देतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे सिलिंडरच्या भोवती आणि नळ्यांच्या आत, दगडासारखा थर धरतात. हा थर उष्णता अडवतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पाडतं आणि त्यातलाच एखादा आरपार जातो. म्हणजे गळती आहे म्हणून बोअरचं पाणी टाकायचं, आणि त्या पाण्याने नवी गळती तयार व्हायची.

बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी सगळ्यात चांगलं. त्याच्या खालोखाल जारमधून येणारं आरओचं पाणी. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी सोडून पत्र्यावरून स्वच्छ भांड्यात धरलेलं आणि कापडाने गाळलेलं पावसाचं पाणीही बोअरपेक्षा कितीतरी बरं. कॅनमध्ये पाच लिटर भरून गाडीतच ठेवा, म्हणजे रस्त्यात जो हातपंप दिसेल त्याच्यावर अवलंबून राहावं लागत नाही. जीव अडचणीत असेल तर अर्थातच मिळेल ते पाणी टाका, फक्त नंतर ते काढून धुऊन घ्या.

इथे बर्फ पडत नाही. मग कूलंट कशाला?

कूलंटचं गोठण्यापासून वाचवणं आपल्याला लागत नाही, बाकीची दोन कामं लागतात. त्यातली रसायनं गंज आणि खड्डे अडवतात, आणि अर्धं पाणी-अर्धं कूलंट हे मिश्रण मोकळ्या हवेतही १०७ अंशांच्या आसपास उकळतं. वरून झाकणाचा दाब मिळतो तो वेगळा.

डब्यावर नीट वाचा. काही कूलंट थेट ओतायचे असतात, काहींत पाणी मिसळावं लागतं. घट्ट कूलंट जास्त टाकलं की गाडी जास्त थंड राहील ही समजूत चुकीची आहे. पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून पुस्तिकेत दिलेलं प्रमाणच ठेवा. रंगावर जाऊ नका. हिरवा किंवा लाल हा रंग कंपनी ठरवते, आतलं रसायन वेगळं असू शकतं. दोन प्रकार मिसळले की कधीकधी गाळ तयार होतो. आत काय आहे माहीत नसेल तर सगळं काढून, साध्या पाण्याने दोनदा धुऊन नवीन भरा.

फक्त उन्हाळ्यातच गाडी तापते. म्हणजे गळती कारण नाही ना?

दोन्ही मिळून कारण असतं. रेडिएटर उष्णता सोडतो ती आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. आत ९० अंश आणि बाहेर २५ असतील तर फरक ६५ चा. मे महिन्यात अकोल्यात, चंद्रपुरात, ब्रह्मपुरीत पारा ४५ वर गेला की फरक ४५ उरतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटली. हिवाळ्यात दीड लिटर पाणी कमी असूनही गाडी निभावून नेते, मे महिन्यात नेत नाही.

त्यात आपल्याकडची जाळी बुजलेली असते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचं कुटार उडतं, मग कापसाची ने-आण आणि जिनिंगच्या आवारातली रुई. हे सगळं ओल्या जाळीवर चिकटतं, आणि गळतीमुळे जाळी ओलीच असते. एसीचा कंडेन्सर (एसीची स्वतःची जाळी) पुढे असेल तर दोघांच्या मधे गादीसारखा थर साचतो, तो समोरून दिसतच नाही. धुताना इंजिनकडून पुढच्या बाजूला पाणी मारा, कारण घाण पुढून आत आलेली असते. साध्या नळीने, हळू. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील.

काढू नका. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो आणि त्याआधी इंजिन लवकर तापू देतो. तो नसेल तर थंडीत इंजिन गारच चालतं, डिझेल जास्त जातं आणि सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर त्याच्याशिवाय पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि गाडी जास्तच तापते. अडकला असेल तर नवीन टाका. गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून तो उघडतो का हे घरीच पाहता येतं.

रस्त्यातच काटा वर गेला तर नेमकं काय करायचं?

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा. तो छोट्या रेडिएटरसारखं काम करतो. सावली बघून गाडी बाजूला घ्या. वाफ येत असेल किंवा पाणी वाहत असेल तर इंजिन लगेच बंद करा.

झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी १०० अंशांच्या वर आहे आणि केवळ दाबामुळे पाणी म्हणून टिकून आहे. झाकण सुटलं की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. चेहरा, छाती, हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सहज धरवेल इतका गार झाला की जाड कापड टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, उरलेला दाब जाऊ द्या, मग उघडा.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका, हेड तडकू शकतं. इंजिन गार झाल्यावर भरा. थोडं कोमट असेल तर ते चालू करून, पाणी हळूहळू ओता.

घरी पोहोचायचंच असेल आणि गळती मोठी नसेल तर पाणी भरल्यावर झाकण पहिल्या खाचेवरच ठेवता येतं. दाब तयार होत नाही, त्यामुळे गळती मंदावते. पण पाणी आता १०० अंशांनाच उकळेल, म्हणून हळू चाला, ओझं उतरवा आणि दर सात-आठ किलोमीटरवर थांबा. घाटात हा उपाय करू नका.

आणि काट्यावर आंधळा विश्वास नको. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. गाडी तापत आलेली असताना काटा अचानक उतरला तर आनंद मानू नका, ताबडतोब थांबा.

ट्रॅक्टरला काही वेगळं पाहावं लागते का?

झाकणाचा दाब बऱ्याच ट्रॅक्टरांत गाडीपेक्षा कमी असतो, म्हणून जीपचं झाकण ट्रॅक्टरला बसवू नका. ट्रॅक्टर एका जागी उभा राहून थ्रेशर चालवतो तेव्हा पुढून येणारा वारा नसतो, सगळा भार पंख्यावर. पंख्याचा पट्टा सैल असेल तर तो आधी घट्ट करा. थ्रेशर लावताना वाऱ्याची दिशा बघून कुटार ट्रॅक्टरच्या तोंडावर येणार नाही असं उभं करा, आणि जाळी दिवसातून दोन-तीन वेळा झाडा. रोटाव्हेटरच्या धक्क्यांनी रेडिएटरखालचे रबर बुश झिजतात, मग रेडिएटर हादरून शिवणीत तडकतो. डाक लावून आणलेला रेडिएटर त्याच जागी पुन्हा गळत असेल तर बुश बघा.

हेड गॅस्केट गेलं आहे हे कसं कळते?

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग. बाहेर कुठेच डाग नाही आणि पाणी मात्र जातंय, अशा वेळी ही शंका घ्या. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइलच्या कांडीवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं, तर गाडी चालवू नका. ऑइलमध्ये पाणी असताना चालवलेलं इंजिन बेअरिंगपर्यंत खराब होतं. इथे रेडिएटरवर खर्च करून उपयोग नाही.

दुरुस्ती झाली, पाणी भरलं, तरी गाडी तापते.

आत हवा अडकली असेल. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, झाकण उघडं, हीटर चालू. इंजिन थंड असतानाच चालू करून मंद फिरू द्या. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, बुडबुडे येतात. भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. काही इंजिनांवर हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो आधी उघडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहा, थोडी उतरलेली असते.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकायचं?

अंगणात, नालीत किंवा हौदाजवळ तर मुळीच नाही. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड लागतं, म्हणून कुत्री, शेळ्या, ढोरं ते चाटतात. मूत्रपिंडं निकामी होतात आणि जनावर दगावतं. कुत्र्या-मांजरांना तर फार थोडं पुरतं. जनावराने प्यायल्याची शंका आली, ते झोकांड्या खायला लागलं, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्या. पहिल्या काही तासांतच उपचाराचा उपयोग होतो. माणसाने, विशेषतः मुलाने प्यायलं तर थेट दवाखाना, आणि डबा सोबत घेऊन जा.

म्हणून कूलंट कधीही थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. शेतावर तहानलेलं पोर बाटली बघून तोंडाला लावतं. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. जमिनीवर सांडलं असेल तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्या, तो भुसा उचला आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. तोपर्यंत ढोरं दुसरीकडे बांधा.